सैतानाचा पत्ता

भयपट हा आपल्याकडे वैचारिक चर्चेचा विषय सहसा होत नाही. तो थिल्लर, गल्लाभरू प्रकार समजला जातो आणि चळवळीतल्या माणसाने त्यावर शाई खर्च करणे हा वेळेचा अपव्यय मानला जातो. मला हे मान्य नाही. एखादा समाज कशाची पूजा करतो यावरून तो जितका ओळखता येतो, तितकाच तो कशाला भितो यावरूनही ओळखता येतो. देव कोणी घडवला हा प्रश्न आपण जोतीराव फुल्यांपासून विचारत आलो आहोत. सैतान कोणी घडवला, त्याला कोणाचे रूप दिले आणि राहायला कुठे जागा दिली, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. तो विचारल्याशिवाय पहिला प्रश्न पुरा होत नाही.

या विचाराने मी 'द एक्झॉर्सिस्ट' हा अमेरिकन चित्रपट चर्चेला घेत आहे. विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा विल्यम पीटर ब्लॅटी यांची, त्यांच्याच १९७१ सालच्या कादंबरीवरून. चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकने मिळाली, आणि पटकथा व ध्वनी या दोन विभागांत पारितोषिके मिळाली. भुताखेतांच्या चित्रपटाला एवढी प्रतिष्ठा त्यापूर्वी क्वचितच लाभली असेल. प्रेक्षक चित्रपटगृहात मूर्च्छित पडल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. पन्नास वर्षे उलटली तरी हा चित्रपट पाहिला जातो, आणि भूत उतरवण्याच्या किती तरी चित्रपटांनी त्याचाच साचा वापरला आहे. तेव्हा त्याने प्रेक्षकांच्या मनात कोणता विचार रुजवला हे तपासणे आपले काम आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाऊन या भागात क्रिस मॅकनील ही सिनेनटी चित्रीकरणाच्या निमित्ताने भाड्याच्या घरात राहत असते. घरात नोकरचाकर, सेक्रेटरी, आणि तिची बारा वर्षांची मुलगी रेगन. मुलगी हळूहळू विचित्र वागू लागते. घाणेरडे बोलते, पलंग हादरतो, आवाज पुरुषी आणि घोगरा होतो. डॉक्टर तिची एकामागून एक तपासणी करतात. मानेत सुई खुपसून मेंदूची छायाचित्रे घेण्याचा प्रसंग तर पुढच्या सर्व सैतानी प्रसंगांपेक्षा अंगावर येतो. डॉक्टरांना काहीच सापडत नाही, तेव्हा तेच सुचवतात की धर्मगुरूकडून सैतान उतरवण्याचा विधी करून पाहा, मुलीची तशी समजूत असेल तर मानसिक धक्क्याने ती बरी होईल. अशा रीतीने ती निरीश्वरवादी आई जवळच्या जेझुइट विद्यापीठातील फादर डेमियन कॅरस याच्या दारी जाते. कॅरस हा धर्मगुरू आणि मानसोपचारतज्ज्ञ असा दोन्ही आहे, आणि त्याची श्रद्धा ढळलेली आहे. पुढे वृद्ध, श्रद्धावान फादर मेरिन येतो, दोघे मिळून विधी करतात, आणि अखेरीस दोघेही मरतात. मुलगी मात्र वाचते.

चित्रपटाचा खरा नायक कॅरस आहे. जेसन मिलर या नटाने हा खचलेला, थकलेला, स्वतःवरच रागावलेला माणूस इतक्या संयमाने उभा केला आहे की सैतानापेक्षा त्याचा चेहरा लक्षात राहतो. त्याचा संशय हा पुस्तकी संशय नाही. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचे तत्त्वज्ञान वाचून त्याची श्रद्धा गेलेली नाही. ती त्याच्या आईपायी गेली आहे.

त्याची आई ग्रीसहून आलेली, मोडकेतोडके इंग्रजी बोलणारी. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एका जुनाट घरात ती एकटी राहते. पाय दुखावलेला, सोबतीला रेडिओ. मुलाने दारिद्र्याचे व्रत घेतले आहे, त्यामुळे तिला चांगल्या ठिकाणी हलवायला त्याच्याजवळ पैसा नाही. पंथाने त्याला स्वतःच्या खर्चाने वैद्यक शिकवले, पण त्या विद्येचा उपयोग इतर धर्मगुरूंची मने सांभाळण्यासाठी आहे. आईची प्रकृती बिघडते तेव्हा तिला बेल्व्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात मनोरुग्णांच्या कक्षात टाकले जाते. नातलग कॅरसला सुनावतो की तू धर्मगुरू झाला नसतास तर मोठा डॉक्टर झाला असतास आणि म्हातारी आज श्रीमंतांच्या वस्तीत राहिली असती. कॅरस कक्षात शिरतो तेव्हा तिथल्या बाया त्याची पांढरी कॉलर पाहून त्याच्याकडे झेपावतात, आणि आई त्याला एवढेच विचारते की तू माझी ही दशा का केलीस. पुढे ती आपल्या खोलीत एकटीच मरते, आणि दोन-एक दिवस कोणाला कळतही नाही.

ही बाई ब्लॅटी यांनी हवेतून आणलेली नाही. ते स्वतः लेबनॉनहून आलेल्या दरिद्री कुटुंबातले. वडील सोडून गेले, आईने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर घरी केलेला मुरंबा विकून पोर वाढवले, भाडे थकले की बिऱ्हाड हलवले. शिष्यवृत्तीवर ते जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकले. त्यामुळे या चित्रपटातील दारिद्र्य खरे आहे. त्यात दयेचा दिखावा नाही. ज्याने स्वतः ते भोगले आहे त्याच्या हातून ते उतरले आहे, आणि आपल्या आत्मकथनांच्या वाचकाला ते लगेच ओळखू येते.

याच खरेपणाचे पुढे काय होते ते पाहा. सुरुवातीला एका प्रसंगात भुयारी रेल्वेच्या स्थानकात एक दारूडा भिकारी कॅरसकडे मदत मागतो. आपणही लहानपणी चर्चमध्ये सेवा केली आहे, आपणही कॅथलिक आहोत, असे तो सांगतो. कॅरस त्याच्याकडे पाहतो, त्याच्या चेहऱ्यावर किळस उमटते, आणि आपल्याला त्याने काही दिलेले दिसत नाही. पुढे रेगनच्या खोलीत सैतान कॅरसला नेमके त्याच भिकाऱ्याचे शब्द ऐकवतो. विधी चालू असताना तो त्याच्या आईच्या आवाजात, आईच्याच मोडक्या इंग्रजीत, तोच प्रश्न विचारतो. पलंगावर क्षणभर आईच बसलेली दिसते. कॅरस कोसळतो आणि मेरिन त्याला खोलीबाहेर पाठवतो.

सैतान इथे नवीन असे काय बोलला? काहीच नाही. भिकाऱ्याने जे खरोखर मागितले होते आणि आईने जे खरोखर विचारले होते, तेवढेच त्याने उच्चारले. दारिद्र्यात मेलेल्या माणसांनी धर्मसंस्थेकडे मागितलेला तो जाब होता. स्थानकात आणि रुग्णालयात तो जाब माणसाच्या तोंडी असतो तेव्हा त्याला उत्तर मिळत नाही. तोच खोलीत सैतानाच्या तोंडी येतो तेव्हा मात्र त्याचे उत्तर द्यायचीच गरज उरत नाही, कारण सैतानाचे ऐकायचे नसते. मेरिनने कॅरसला बजावलेलेच असते की तो खोट्यात खरे मिसळून आपल्यावर हल्ला करील, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. ही चित्रपटाची सर्वांत मोठी आणि सर्वांत धोक्याची युक्ती आहे असे मला वाटते. गरिबाची तक्रार सैतानाच्या जिभेवर ठेवली की ती खरी असूनही अपवित्र होते.

ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. गावात मजुरी मागणारा माणूस 'माजलेला' ठरतो. मंदिरात जाऊ पाहणारा 'नास्तिक' ठरतो. जातीबद्दल बोलणाराच 'जातीयवादी' ठरतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या भाषेला शिवराळ म्हणणाऱ्यांनी त्या भाषेत कोणती हकीकत सांगितली जात आहे याची चौकशी फारशी केली नाही. बोलणाऱ्याला भ्रष्ट ठरवले की बोलणे ऐकावे लागत नाही. पवित्र जल शिंपडून गप्प करणे आणि अश्लील म्हणून गप्प करणे यांत प्रकाराचा फरक आहे, हेतूचा नाही.

आता हा सैतान कोण, याचा विचार करू. चित्रपट अमेरिकेत सुरू होत नाही. तो उत्तर इराकमध्ये, अजानच्या आवाजावर सुरू होतो. उन्हात शेकडो मजूर कुदळी चालवत आहेत. फादर मेरिन तिथे उत्खनन करतो आहे. जमिनीतून एका प्राचीन मूर्तीचे छोटे शिर निघते, आणि पुढे मेरिन त्याच दैवताच्या मोठ्या पुतळ्यासमोर उभा राहतो. त्या मजुरांपैकी कोणाला नाव नाही, कोणाची गोष्ट नाही. जमीन त्यांची, घाम त्यांचा, आणि त्यातून निघालेले संकट मात्र वॉशिंग्टनच्या गोऱ्या मुलीवर. १९७३ च्या अमेरिकन प्रेक्षकाला हे न सांगताच पटले की पाप पूर्वेकडून येते, बिगरख्रिस्ती मातीतून येते.

त्या दैवताचे नाव चित्रपटात उच्चारले जात नाही, पण कादंबरीत ते पाझुझू आहे. मेसोपोटेमियाच्या लोकधर्मात पाझुझू हा वाईट वाऱ्यांचा अधिपती होता. तो काही सौम्य देव नव्हता. परंतु त्याच लोकांच्या समजुतीप्रमाणे लामाश्तू ही राक्षसी गर्भारणींना आणि तान्ह्या मुलांना छळत असे, आणि तिला पळवून लावण्यासाठी बाया पाझुझूचे शिर ताईत म्हणून अंगावर बाळगत. अशी कितीतरी शिरे उत्खननांत सापडली आहेत. आयाबायांनी लेकरांच्या रक्षणासाठी गळ्यात घातलेले ते मुंडके चित्रपटाने उचलले आणि एका लेकराचा छळ करणारा सैतान म्हणून तेच उभे केले.

फुल्यांची 'गुलामगिरी' वाचलेल्या माणसाला इथे थबकावेच लागते. हे पुस्तक १८७३ साली निघाले, म्हणजे या चित्रपटाच्या बरोबर शंभर वर्षे आधी. पुराणांतले राक्षस आणि दैत्य हे या भूमीचे रक्षणकर्ते होते, जेत्यांनी त्यांना विद्रूप करून ग्रंथांत घातले, अशी मांडणी फुल्यांनी केली. बळीराजाला पुराणांनी दैत्य ठरवले, तरी त्याचे राज्य पुन्हा येवो अशी इच्छा आमच्या बायाबापड्या आजही बोलून दाखवतात. फुल्यांच्या सर्व व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य होतील असे नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र शाबूत आहे: हरलेल्यांचा देव जिंकलेल्यांच्या पोथीत कोणत्या रूपाने येतो? 'द एक्झॉर्सिस्ट' पाहताना हा प्रश्न जवळ ठेवला की अर्धी भीती गळून पडते.

पण उरलेल्या अर्ध्या भीतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. चित्रपटाचे जे मर्म ब्लॅटी यांना सर्वांत महत्त्वाचे वाटत होते ते एका छोट्या संभाषणात आहे. विधीच्या मध्यंतरात दोन्ही धर्मगुरू जिन्यावर बसतात. १९७३ च्या प्रतीत ते नुसते मुकाट बसलेले दिसतात. संभाषण कापले गेले होते. २००० साली पुन्हा प्रदर्शित झालेल्या प्रतीत ते परत घातले गेले. कॅरस विचारतो की हीच मुलगी का, याचा अर्थ तरी काय? मेरिनच्या उत्तराचा आशय असा की, यामागचा हेतू आपल्याला निराश करण्याचा आहे. आपण केवळ जनावर आहोत, कुरूप आहोत, ईश्वराच्या प्रेमाला अपात्र आहोत, असे आपल्याला वाटावे म्हणून हे चालले आहे.

दुष्टत्वाची ही व्याख्या मला खरी वाटते. माणसाला त्याच्याच नजरेतून उतरवणे, आपण माणूस नाही असे त्याच्याकडून कबूल करून घेणे, याहून मोठे पाप मला तरी ठाऊक नाही. माझे भांडण व्याख्येशी नाही, पत्त्याशी आहे. मेरिनला हे पाप करणारा इराकच्या वाळूत सापडला. आम्हाला तो शोधायला इतक्या दूर जावे लागले नाही. त्याचा पत्ता आमच्या प्रत्येक गावात लिहिलेला होता. वेशीच्या आतली घरे आणि वेशीबाहेरची घरे ही त्याची वाटणी होती. रोगराईची मरीआई, तिचे ठाणेसुद्धा बहुधा गावाबाहेर, महारवाड्याच्या अंगाला असे. संकटही बाहेर आणि माणसेही बाहेर.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. ज्या पाण्याला जनावराच्या तोंडाचा विटाळ नव्हता, ते माणसाच्या ओंजळीने बाटले, आणि सनातन्यांनी पंचगव्याने त्याची शुद्धी केली. मंत्र होते, तीर्थ होते, विधी होता. 'द एक्झॉर्सिस्ट'मधील सर्व साहित्य तिथे हजर होते. फक्त ज्याला उतरवायचे ते भूत म्हणजे हाडामांसाचा माणूस होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. माणसाला जनावराखाली लेखणारी शक्ती एका ग्रंथात राहते, तिला पान आहे, श्लोक आहे, टीकाकार आहेत, हे त्या दिवशी जाहीर झाले. आमच्या लेखी सैतानाचा पत्ता तेव्हा सापडला.

कोणी म्हणेल, हा आपला इतिहास अमेरिकेच्या चित्रपटावर लादणे झाले. मग चित्रपट जिथे घडतो तिथलाच इतिहास पाहू. ज्या जॉर्जटाऊनमध्ये कॅरस राहतो, ज्या जेझुइट पंथाचा तो धर्मगुरू आहे, त्याच मेरीलँड प्रांताच्या जेझुइटांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलामांचा सौदा केला. पुरुष, बाया, मुले, सगळी. ती लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकली गेली, आणि त्या पैशाचा काही भाग कर्जात बुडालेले जॉर्जटाऊन कॉलेज सावरण्यासाठी गेला. विकलेल्यांपैकी अनेकांचा याच धर्मगुरूंच्या हातून बाप्तिस्मा झाला होता. कुटुंबांची ताटातूट करू नये, पैसा कर्जफेडीला वापरू नये, अशा अटी रोमच्या वरिष्ठांनी घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. सौदा करणारा धर्मगुरू पूर्वी त्या कॉलेजचा अध्यक्ष होता, आणि त्याचे नाव विद्यापीठातील एका इमारतीला दिलेले होते.

चित्रपटात हे का नाही, असा माझा आक्षेप नाही. तेव्हा ही हकीकत इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी पोचलेली नव्हती. माझे म्हणणे एवढेच की माणसाला जनावर ठरवून बाजारात उभे करणारे कृत्य ज्या आवारात पचले होते, त्याच आवारात सैतान आणायला कथाकाराला इराकपर्यंत जावे लागले. आणि इथेही १८७३ चे ते पुस्तक आठवते. फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना. पुण्यात बसलेल्या माणसाला अमेरिकेतल्या पापाचा पत्ता ठाऊक होता. शंभर वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये चित्रपट काढणाऱ्यांना तो दिसला नाही.

चित्रपटात आणखी एक चित्रपट आहे. क्रिस ज्या चित्रपटात काम करते आहे त्यात विद्यापीठाच्या पायऱ्यांवर विद्यार्थ्यांचे आंदोलन चालू आहे, आणि ती हातात भोंगा घेऊन त्यांना समजावते की बदल हवा असेल तर व्यवस्थेच्या आत राहूनच घडवा. गर्दीत कॅरस हसत उभा असतो. त्याच विद्यापीठाच्या खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांनी २०१५ साली अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला, तेव्हा त्या इमारतीचे नाव उतरले. २०१७ साली विकल्या गेलेल्यांच्या यादीतील पहिले नाव, इझॅक हॉकिन्स, त्या इमारतीला देण्यात आले, आणि विद्यापीठाने व जेझुइटांनी वंशजांसमोर माफी मागितली. मी जर भूत उतरवणे हा शब्द वापरणार असेन तर तो या घटनेसाठी वापरीन. नाव घेऊन, यादी वाचून, वंशजांना समोर बसवून ते भूत उतरवण्याची सुरुवात झाली.

याउलट सैतान खरा मानून विधी करू लागले की काय होते, तेही नोंदवलेले आहे. पश्चिम जर्मनीत १९७५-७६ मध्ये अपस्माराचे निदान झालेल्या एका विद्यार्थिनीवर दोन धर्मगुरूंनी ६७ वेळा हा विधी केला. १ जुलै १९७६ रोजी उपासमारीने ती मेली. वय २३. आईबाप आणि दोन्ही धर्मगुरू १९७८ साली दोषी ठरले. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, हे सारे कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी लिहावे लागले. रेगनचे हात पलंगाला बांधलेले पाहताना ही अनुसूची डोळ्यांसमोर येते.

इथे आपल्याच लोकांशी थोडे बोलायला हवे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेऊनही आपल्या वस्त्यांतून भगताकडे जाणारी वाट पूर्ण मोडलेली नाही. त्याला केवळ अज्ञान म्हणून हिणवणे मला पटत नाही. रेगनला आधी नामांकित डॉक्टर मिळाले आणि मग धर्मगुरू. आपल्या पोरीला भगत आधी मिळतो, कारण तो शेजारच्या गल्लीत आहे आणि मनाचे आजार पाहणारा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. कार्यकर्त्याने भगताविरुद्ध भाषण करावे, आणि त्या पोरीला एस.टी.त बसवून डॉक्टरपर्यंतही न्यावे. दुसरे काम केले नाही तर पहिल्याला अर्थ नाही.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे वळतो, कारण त्यावर न्याय केल्याशिवाय समीक्षा पुरी होणार नाही. श्रद्धावान मेरिन विधी करता करता हृदय बंद पडून मरतो. पोथी, मंत्र, पवित्र जल, क्रूस, काहीच कामी येत नाही. याआधीच कॅरसने साधे नळाचे पाणी पवित्र जल म्हणून शिंपडून पाहिले होते, आणि सैतान त्यालाही किंचाळला होता. हा संशयी माणसाचा प्रयोग होता, आणि तो मला फार आवडतो. मेरिनचे प्रेत पाहून कॅरस पोथी बाजूला टाकतो. तो सैतानावर हातांनी तुटून पडतो, मुलीला सोड आणि माझ्यात ये असे ओरडतो, आणि ते संकट आपल्या अंगावर घेऊन खिडकीतून उडी टाकतो.

बारकाईने पाहिले तर मुलगी वाचते ती विधीने नाही. ती संशयी माणसाच्या करुणेने वाचते. संशयी माणसाचा नाश होतो असे गीता बजावते. बुद्धाने कालामांना सांगितले ते याच्या उलट: परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळून पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माच्या केंद्रस्थानी ईश्वर ठेवला नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे हे ठेवले. त्या कसोटीवर कॅरसचे शेवटचे कृत्य उतरते. पाद्र्याच्या झग्यात असूनही त्या क्षणी तो ईश्वराचा विचार करत नाही, पलंगावरच्या पोरीचा करतो. ब्लॅटी यांना हा श्रद्धेचा विजय वाटत होता. पडद्यावर मला जे दिसते ते वेगळे आहे, आणि कलाकृती कर्त्याच्या हेतूपेक्षा मोठी होऊ शकते याचा हा पुरावा मी मानतो.

तरीही या करुणेची मर्यादा सांगितली पाहिजे. एका श्रीमंत घरातील एक मुलगी वाचली. बेल्व्ह्यूच्या कक्षात कॅरसच्या कॉलरकडे हात पसरणाऱ्या बाया तिथेच राहिल्या. स्थानकातला भिकारी तिथेच राहिला. कॅरसला आईची अपराधी जाणीव सतावत होती, तिचे प्रायश्चित्त त्याने मरून घेतले. ज्या रचनेने त्याच्या आईला एकटे मारले तिच्याकडे त्याने बोट दाखवले नाही. हौतात्म्याने अपराध धुतला जातो, रचना जागच्या जागी राहते. करुणेला विद्रोहाची जोड मिळाली नाही की ती एका खिडकीतून उडी मारून संपते.

आपल्या लेखकांनी या चित्रपटाकडून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. एक, ब्लॅटी यांनी आपल्या गरीब आईला जसे खरेखुरे कागदावर आणले, तसे आणावे. दुसरी गोष्ट जी त्यांनी केली नाही ती करावी: त्या आईचा प्रश्न सैतानाच्या तोंडी न देता तिच्याच तोंडी ठेवावा, आणि ज्याला तो विचारला आहे त्याचे नाव, गाव, कार्यालय, ग्रंथ स्पष्ट लिहावा. भीती वाटावी असे या देशात पुष्कळ आहे. गटारात उतरलेला माणूस वर येत नाही, ही गोष्ट कोणत्याही भयपटाहून भयंकर आहे, आणि तीत सैतानाचा काही संबंध नाही. तिथे एक कंत्राट असते, एक सही असते, आणि त्या कामासाठी पिढ्यान्पिढ्या ठरवून ठेवलेली एक जात असते. तो पत्ता लिहिणे हे आपल्या साहित्याचे काम आहे.